कारध्याची शुभांगी सांगून राहिली

शकुनबाईनं एकदाणी शुभांगीच्या अंगणात फेकली तेव्हा शुभांगी दोरीवर धुणं टाकत होती. पिवळ्या मण्यांची ती माळ चिखलात पडली. शेजारच्या दोन बाया आपापल्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"घे तुही एकदाणी! आता तूच घाल गळ्यात."

"काय झालं काकू? मी कधी विकली तुमाले एकदाणी?"

"मोबाईलवर कोण सांगून राहिली होती? 'मी कारध्याची शुभांगी, माह्यावर भरोसा ठेवा.' ठेवला भरोसा. अंजूच्या गळ्याले फोड आले. गळा हिरवागार झाला पोरीचा. तिची सासू चारचौघांत म्हणते, माहेरचं सोनं पाह्यलं का बाप्पा, चक्क हिरवं आहे म्हणून."

अंजू ही शकुनबाईची लेक. मे महिन्यात तिचं लग्न झालं होतं. शुभांगीनं भंडाऱ्याचं दागिन्यांचं दुकान होळीतच सोडलं होतं, खरं म्हणजे तिला काढलं होतं. तेव्हापासून तिनं कुणाला कानातलंसुद्धा दाखवलं नव्हतं. तिनं तसं सांगितलं. शकुनबाईनं कमरेच्या पिशवीतून मोबाईल काढला, व्हिडिओ लावला आणि तिच्या नाकासमोर धरला.

व्हिडिओत शुभांगी होती. हिरवा शालू नेसलेली, नाकात नथ, गळ्यात तीच एकदाणी. ती मान डावीकडे वळवत होती, उजवीकडे वळवत होती, हसत होती. "मी कारध्याची शुभांगी. आठ वर्षं झाली, मी दागिने दाखवून राहिली. याचा रंग जात नाही ना, मी सांगून राहिली. खालच्या लिंकवर जा, मोबाईल चेहऱ्यासमोर धरा, अन् आपल्याच गळ्यात घालून पाहा."

असा शालू शुभांगीकडे कधीच नव्हता. हे वाक्यही ती कधी बोलली नव्हती. पण आवाज तिचाच होता. बोलताना मध्येच 'ना' म्हणायची सवयसुद्धा तिचीच.

"हे मी नाही," ती म्हणाली.

"मंग तुही आत्मा आहे का?" शकुनबाई म्हणाली, आणि दारातल्या बाया हसल्या.

दुकानात आठ वर्षं शुभांगी काउंटरवर होती. कारध्याहून पूल ओलांडून रोज सकाळी जायची. गावच्या बाया सेठला ओळखत नव्हत्या, शुभांगीला ओळखत होत्या. कुठल्या माळेचा टाका कच्चा आहे, कुठलं कानातलं जड पडेल, हे ती तोंडावर सांगायची. म्हाताऱ्या सेठला ते चालायचं. गेल्या वर्षी त्याचा मुलगा निकेश गादीवर बसला. त्यानं दुकानात माणसाएवढा स्क्रीन आणला, त्याला तो आरसा म्हणायचा. त्याच्यासमोर उभं राहिलं की आपला चेहरा दिसायचा आणि हवा तो दागिना आपोआप गळ्यात येऊन बसायचा. हेच मग मोबाईलवरही सुरू झालं. त्यासाठी निकेशनं दोन दिवस शुभांगीला मागच्या खोलीत खुर्चीवर बसवलं होतं. वर बघ, खाली बघ, हास, हा कागद वाच. "आरसा नीट बसवायचा आहे," इतकंच तो म्हणाला होता.

तेव्हा तिला मजा वाटली होती, हे खोटं नाही. स्क्रीनवर नथ घातलेला आपला फोटो तिनं स्टेटसला ठेवला होता. खाली लिहिलं होतं, 'माझा नवा लूक'.

संध्याकाळी हेमराज, तिचा नवरा, ट्रॅक्टर लावून घरात आला तो बूट न काढताच बोलला, "पानठेल्यावर पोट्टे विचारून राहिले, वहिनीले कमिशन किती भेटते म्हणून."

"तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगू? मले माहीत आहे का?"

"तुमाले माहीत नाही?"

हेमराज खाली वाकून बुटाची नाडी सोडायला लागला. ती दिवसभर जितकी चिडली नव्हती तितकी त्या क्षणी चिडली. ताट तिनं त्याच्यापुढं आपटलं आणि स्वतः न जेवता मागच्या अंगणात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. चांदीच्या काउंटरवर पुष्पाबाई होती. इतकी वर्षं दोघींनी डबा एकत्र खाल्ला होता. पुष्पाबाईनं तिला पाहिलं आणि पैंजणांच्या ट्रेमध्ये मान घातली.

"ये, ये," निकेश म्हणाला. "चहा घेशील?"

"माहा व्हिडिओ काढून टाका."

"तुझा कोणता?"

तिनं दाखवला. त्यानं पाहिल्यासारखं केलं. "ही तू नाहीस. नीट बघ. तुझं नाक रुंद आहे, हिचं सरळ आहे. तू सावळी, ही गोरी. ही कम्प्युटरनं बनवलेली बाई आहे. जगात कुठंच नाही."

"नाव माहं, गाव माहं, आवाज माहा."

"शुभांगी नावाच्या बायका भंडारा जिल्ह्यात काय कमी आहेत?"

"तुमच्या दुकानात कारध्याची एकच होती."

निकेशनं मग मोबाईलवर काहीतरी शोधलं आणि स्क्रीन तिच्याकडे वळवला. तिचंच जुनं स्टेटस. माझा नवा लूक. "जबरदस्ती केली होती का कोणी? तूच नाचत होतीस. आता कायको नाटक?"

शुभांगीचे कान तापले. "ते आरशासाठी होतं."

"हा पण आरसाच आहे."

"अन् पोरीच्या गळ्याले फोड आले त्याचं काय?"

"पेजवर खाली लिहिलंय, मुलामा आहे, सोनं नाही. लोक वाचत नाहीत, त्याला मी काय करू?"

"लोक वाचत नाहीत, माहं ऐकतात. म्हूनच तर मले बसवलं तठी."

निकेशचं हसू गेलं. "धंद्याचा टाइम आहे. बाहेर हो. पोलिसात जा, कोर्टात जा, कुठंही जा. आधी सिद्ध कर की ती तू आहेस."

पुलावरून परत येताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट आली. अंजूचा गळा दाखवायचा. आपणच व्हिडिओ काढायचा आणि सगळ्यांना पाठवायचा. अंजू माहेरी आलेलीच होती. शुभांगी थेट शकुनबाईच्या घरी गेली. अंजू पलंगावर बसली होती, गळ्याभोवती ओला पंचा. गळ्यावर मण्यांच्या ओळीनं लाल फोड होते, काही फुटलेले.

"अंजू, एकच मिनिट. मी मोबाईलनं—"

"हात खाली कर," शकुनबाई म्हणाली. "माह्या पोरीचा गळा तुह्या मोबाईलात जाणार नाही. उद्या त्याचंही काही करतील हे लोक. अन् तिच्या सासरच्यांनी पाह्यलं तर? तुले काय, तुह्या नावाचं पडलं आहे."

अंजूनं पंचा वर ओढून घेतला. शुभांगीनं मोबाईल पिशवीत टाकला. शकुनबाई चूक बोलत नव्हती. तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

घरी येऊन तिनं अंगणातल्या चिखलातून उचलून ठेवलेली एकदाणी धुतली आणि स्वतःच्या गळ्यात घातली.

रोवणीचे दिवस होते. दुकान सुटल्यापासून ती बायांबरोबर धान रोवायला जात होती. पाणी भरलेल्या बांधीत दिवसभर वाकून, पाठीवर ऊन, गळ्यावरून घाम. तिसऱ्या दिवशी ब्लाउजच्या काठाला हिरवा डाग पडला. पाचव्या दिवशी खाज सुटली. बाया तिला टोचून बोलत, "काय वं, जाहिरातीचा माल घालून रोवणा करून राहिली?" ती वाकून रोवतच राहायची. आठव्या दिवशी गळ्यावर फोड आले. रात्री मानेखाली उशी घेता येईना.

"काढ ते," हेमराज म्हणाला.

"नाही."

"वेडी झाली का? कायले करून राहिली हे?"

"तुमाले माहीत नाही ना? मंग राहू द्या."

तो तिच्या गळ्याकडे पाहत बसला. मग म्हणाला, "मी पानठेल्यावर उद्या सांगतो." ती म्हणाली, "आता कायले सांगता?"

राखीच्या आधीच्या रविवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. साकोली, मोहाडी, लाखनी, कुठून कुठून बायका आल्या होत्या. मोठ्या स्क्रीनसमोर रांग होती. स्क्रीनच्या वरच्या बाजूला ती हिरव्या शालूतली शुभांगी हसून मान वळवत होती आणि खाली एकेक गिऱ्हाईक उभं राहून आपल्या गळ्यात दागिने पाहत होतं.

शुभांगी रांगेत उभी राहिली. डोक्यावरून पदर घट्ट गुंडाळलेला, त्यामुळं कोणी ओळखलं नाही. तिची पाळी आली तेव्हा तिनं पदर सोडला आणि स्क्रीनसमोर सरळ उभी राहिली.

मशिननं तिचा चेहरा पकडला. क्षणभरात स्क्रीनवरच्या तिच्या गळ्यात एक लखलखीत एकदाणी येऊन बसली. फोड दिसेनासे झाले. कातडी गुळगुळीत, उजळ. वरची शुभांगी म्हणत होती, "रंग जात नाही ना, मी सांगून राहिली."

"इकडं पाहा," शुभांगी मागं वळून म्हणाली. "तिकडं नका पाहू. माह्याकडं पाहा."

रांगेतली पहिली बाई किंचाळली. तिच्या कडेवरची लहान मुलगी रडायला लागली. मागच्या बाया पुढं सरकल्या, स्क्रीनकडे पाहिलं, शुभांगीकडे पाहिलं, पुन्हा स्क्रीनकडे.

"ती मी नाही," शुभांगी म्हणाली. "ते मी कधी बोललीच नाही. मी ही आहे. ही एकदाणी याच दुकानातली आहे. आठ दिवस घातली."

"पुष्पाबाई, स्क्रीन बंद करा!" निकेश ओरडला.

पुष्पाबाई पैंजणांच्या जोड्या लावत होती. ती लावतच राहिली.

"पुष्पाबाई!"

"मले नाही जमत ते बटण, सेठ," ती मान वर न करता म्हणाली.

निकेश गर्दीतून वाट काढत आला. "कामावरून काढलेली बाई आहे ही. खुन्नस काढायला आली आहे. स्वतःच काहीतरी लावून आली असेल गळ्याला. बाहेर हो!" त्यानं तिच्या दंडाला धरलं.

"हात सोड," रांगेतली एक दांडगी बाई म्हणाली. "बाईच्या अंगाले हात लावते का?"

निकेशनं हात सोडला. बऱ्याच बाया बाहेर पडल्या. काही थांबल्या. दोघींनी विचारलं, खरं सोनं कुठल्या काउंटरवर आहे. एका पोरीनं सगळं मोबाईलवर टिपलं होतं. शुभांगीला ते तेव्हा माहीत नव्हतं. ती पायऱ्यांवर आली, कसाबसा हुक सोडला, माळ तिथंच पायरीवर ठेवली आणि निघाली.

त्या पोरीचा व्हिडिओ दोन दिवसांत भंडाराभर फिरला. खाली लोकांनी लिहिलं, शाबास ताई. लोकांनी असंही लिहिलं की फेमस व्हायला बायका काय काय करतात. तिसऱ्या दिवशी हिरव्या शालूतली शुभांगी दुकानाच्या पेजवरून गेली. कोणी फोन केला नाही, माफी मागितली नाही.

ती शकुनबाईकडे गेली. शकुनबाईनं तिचा गळा पाहिला.

"मी तुले घालाले सांगितलं होतं का?"

"तुम्हीच म्हटलं होतं, तूच घाल म्हणून."

"रागात म्हटलं होतं. डोकं नाही का तुले?"

आतून अंजू आली. हातात अर्धी संपलेली मलमाची ट्यूब होती. "दिवसातून दोनदा लावजो वहिनी. पाणी लागू देऊ नको."

"ट्यूब वापस आणून दे," शकुनबाई म्हणाली आणि आत निघून गेली.

पंधरा दिवसांनी दुकानाच्या पेजवर नवी बाई आली. जांभळी साडी, सरळ नाक. "मी साकोलीची उर्वशी," ती म्हणाली. शुभांगीनं पुष्पाबाईला फोन लावला. पुष्पाबाई हळू आवाजात म्हणाली, "हाव, आहे अशी. सेठनं साकोलीत नवीन दुकान टाकलं, तठी बसते."

शुभांगी बस पकडून साकोलीला गेली. हायवेला लागून दुकान होतं. काउंटरवरची मुलगी बावीस-तेवीसची, सावळी, रुंद नाकाची.

"उर्वशी?"

"हाव. काय दाखवू?"

शुभांगीनं गळा दाखवला. फोड बसले होते, काळे डाग राहिले होते. तिनं सगळं सांगितलं. मागची खोली, खुर्ची, कागद वाचणं. उर्वशी ऐकत होती आणि तिचा चेहरा कडक होत होता.

"तुम्हीच त्या. सेठ सांगत होते तुमच्याबद्दल. तुमची नोकरी गेली म्हून माही घालवाले आल्या का?"

"तुले कशासाठी बसवलं होतं, सांग."

"आरशासाठी," उर्वशी म्हणाली, आणि लगेच पुढं, "पण मले आवडते ते. माहा फोटो पुरा जिल्हा पाहून राहिला. तुमच्या पोटात कायले दुखते?"

"तुह्या गावच्या बाया विचाराले येतात का? एकदाणी चांगली आहे का म्हून?"

काउंटरवरचं कापड उचलून उर्वशी काच पुसायला लागली, पुसलेलीच काच पुन्हा.

"येतात ना?"

"जा तुम्ही," उर्वशी म्हणाली. "गिऱ्हाईक येऊन राहिले."

दारात खरंच दोन बाया चपला काढत होत्या. त्यातली म्हातारी आत येता येताच म्हणाली, "काय वं उर्वशी, ते मोबाईलवर दाखवते ते दाखव."

शुभांगी बाजूला झाली, पण बाहेर गेली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली. उर्वशीनं काचेखालच्या एकदाण्यांच्या ट्रेला हात लावला, शुभांगीकडे एकदा रागानं पाहिलं, आणि ट्रे बाहेर न काढता तशीच उभी राहिली.