अप्पलम्माच्या खात्यातलं गोणपाट

मी हरिसाधन बागची. हुगळीकाठच्या आमच्या ज्यूट मिलच्या फाटकावर भाषणं ठोकण्यात माझी हयात गेली. मी बोलायला उभा राहिलो की सुटलेली पाळी झपाझप घरी जाते आणि यायची पाळी वेळेआधीच कामावर हजर होते. मालकाने खरं तर मला बोनस द्यायला हवा, असं आमची बायको म्हणते. तुरुंगातही जाऊन आलोय. त्यात एकदा पोलिसांना दुसराच हरिसाधन हवा होता, पण हारतुरे मीच घेतले.

घेराव म्हणजे आमच्याकडचा जुना रिवाज. मॅनेजरला त्याच्या खोलीत बसवायचं, बाहेरून कडी घालायची आणि दाराशी ठाण मांडायचं. सही होईपर्यंत कुणी आत नाही की बाहेर नाही. चहा आणि मुडी, म्हणजे चुरमुरे, मात्र खिडकीतून आत जातात, कारण उपाशी माणसाशी भांडणं आम्हा बंगाल्यांना जमत नाही. पूर्वी एकदा दुसऱ्या युनियनचा पुढारी ‘जरा जाऊन येतो’ म्हणून घेरावातून उठला आणि मागच्या मागे मालकाशी सौदा करून आला. तेव्हा मी टेबलावर चढून नवा नियम जाहीर केला. “आत आपला पुढारी असला तरी कडी काढायची नाही! मी स्वतः ओरडलो तरी काढू नका!” टाळ्यांचा कडकडाट झाला. मला टाळ्या पडल्या की पुढे काहीतरी महागात पडतं, हे एव्हाना कळायला हवं होतं.

त्या दिवशीचा घेराव होता गोण्या शिवणाऱ्या बायकांचा. त्यांच्या खात्याला संडास नाही. ही मागणी आमच्या मागणीपत्रात वर्षानुवर्षं होती, अगदी तळाला. तडजोडीत काहीतरी सोडावं लागतं आणि तळाचं सोडायला सोपं, म्हणून दर करारात ती ‘पुढच्या वेळी’वर जायची. या खेपेला बायका तेवढी एकच मागणी घेऊन आल्या. पुढे होती अप्पलम्मा, तेलुगू वस्तीतली, आवाज मिलच्या भोंग्याला भारी. “दादा, साहेबाशी बोलायची सवय तुम्हाला. आत जा,” ती म्हणाली.

त्यांच्या खात्याची मला चांगली माहिती होती, असं मी समजत होतो. तिथे खिळ्याला एक धुतलेलं गोणपाट कायम टांगलेलं असायचं. एका भाषणात मी त्याला ‘श्रमिक स्त्रीच्या काटकसरीचा झेंडा’ म्हटलं होतं. बायकांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, भारावल्या.

तर मी आत गेलो आणि मागे कडी पडली.

मॅनेजर लाहिरीसाहेब सभ्य माणूस. खिडकीतून चहा आला, आम्ही प्यायलो. पुन्हा आला, पुन्हा प्यायलो. मला साखरेचा आजार, त्यात हे वय. थोड्याच वेळात वर्गसंघर्ष माझ्या ओटीपोटात सुरू झाला. साहेबाचं न्हाणीघर व्हरांड्याच्या पार टोकाला, कडीच्या पलीकडे.

“हरिसाधनबाबू,” साहेब म्हणाले, “बांधकाम म्हणजे हेड ऑफिसची परवानगी लागणार. पुढच्या करारात बघू. नेहमीसारखं.”

ते ‘नेहमीसारखं’ मला झोंबलं. पण पोट जास्त झोंबत होतं. मी दाराला तोंड लावलं.

“अप्पलम्मा! साहेब पुढच्या करारात नक्की घालतो म्हणतायत. कडी काढ!”

“सही झाली?”

“शब्द दिलाय.”

“मग नाही काढणार. तुमचाच नियम, दादा.”

“अगं, मला जायचंय!”

“कुठं?”

“कुठं म्हणजे? जायचंय!”

बाहेर खसखस पिकली. “धाकटं की मोठं?”

“धाकटं!”

“मग धरून ठेवा. आम्ही या भोंग्यापासून त्या भोंग्यापर्यंत धरतो. पण दादा, एवढा चहा कशाला ढोसलात? आम्ही तर पाणीसुद्धा पीत नाही.”

बाहेरचं हसणं अचानक थांबलं. मी येऊन खुर्चीत बसलो, मांडीवर मांडी आवळून. समोर साहेबही तसेच बसले होते.

त्यांनी दोन ओळी लिहून कागद पुढे सरकवला. ‘मागणी पुढील करारापर्यंत स्थगित.’ “तुम्ही सही करा, मी बायकांना कागद दाखवतो. दोघंही मोकळे.”

खोटं कशाला बोलू, मी पेन उचललं. टोक कागदाला टेकवलं. सही सुटणार, तेवढ्यात दुसरंच सुटलं. धोतर भिजलं, खुर्ची भिजली, साहेबाच्या बुटापर्यंत ओघळ गेला. माझ्या साऱ्या राजकीय आयुष्यातला एकमेव ठाम निर्णय माझ्या मूत्राशयाने घेतला.

साहेबांनी पाय वर घेतले. माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या आवळलेल्या मांड्यांकडे. कागद टराटरा फाडला, नवा घेतला आणि लिहिलं की शिवण खात्यातल्या स्त्रियांसाठी संडास, काम येत्या सोमवारपासून. खाली सही, शिक्का. खिडकीतून कागद बाहेर गेला. युनियनच्या अहवालात ‘झुंजार लढ्यापुढे व्यवस्थापन नमले’ असं लिहायचं, हे मी जागच्या जागी ठरवून टाकलं.

कडी निघाली. साहेब सगळी सभ्यता बाजूला ठेवून व्हरांड्यातून धावत सुटले.

मला आता घाई नव्हती. दारात उभा राहिलो. बायकांच्या नजरा माझ्या धोतरावर गेल्या. त्यांच्याआधी आपणच हसावं म्हणून मी एक विनोदही जुळवून ठेवला होता. मी तो केला.

कुणी हसलं नाही. त्यांनी हसायला हवं होतं, मला ते सोसलं असतं.

अप्पलम्मा उठून खात्यात गेली आणि खिळ्यावरचं गोणपाट घेऊन आली. माझ्या कमरेला गुंडाळून तिने मागे गाठ मारली, अगदी सराईत हाताने. “अशी बांधली की रस्त्याने चालताना कुणाला कळत नाही,” ती म्हणाली.

मी मागची गाठ चाचपली. “अगं, म्हणजे हे गोणपाट...”

“हो. त्यासाठीच असतं ते. रात्रीच धुऊन टाका, दादा, आणि सकाळी पाळीच्या आधी आणून द्या. उद्या कुणाला तरी लागेल.”