नंदाबाईची वाफ

मित्रांनो, माझ्या अंगाचा पांढरा रंग आता पिवळा पडला आहे. मी एक जुना नेब्युलायझर आहे, म्हणजे दम लागलेल्या माणसाला औषधाची वाफ देणारा डबा. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला आठवत नाही. आठवतं ते जालना जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्याच्या तातडीच्या विभागातलं टेबल. तिथे मी दहा वर्षं घरघरत काम केलं.

माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे नंदाबाई. शहागडला हायवेवर तिचं भज्यांचं हॉटेल होतं. ट्रकांची धूळ आणि कढईचा धूर, दोन्ही तिच्या छातीत ठाण मांडून बसले होते. आठवड्यातून दोनदा तरी तिचा नवरा भुजंग तिला मोटारसायकलवर घालून आणायचा.

"आली का मावशी? परवाच तर आल्ती!" शालू सिस्टर चिडवायची.

"काय करू बाई, माहेरच हे माझं. दम लई लागून राह्यला, जल्दी लाव."

ही बाई सारखी काय येते, म्हणून काही डॉक्टर कुरकुरायचे. मला त्यांचा राग यायचा. निळे पडलेले तिचे ओठ पंधरा मिनिटांत पुन्हा माणसासारखे व्हायचे, ते मी इतक्या जवळून पाहत होतो. तेवढंच कौतुक मला पुरत होतं.

मग करोना आला. वाफेतून आजार पसरेल, असा हुकूम निघाला आणि मला तिथल्याच कपाटात कोंडलं. शालू सिस्टरची ड्यूटी करोना वॉर्डात लागली. दारात नवे डॉक्टर बसले. दम लागतो म्हटलं की थेट त्या वॉर्डात नेतात आणि तिथून कुणी परत येत नाही, असं साऱ्या हायवेवर बोललं जात होतं.

नंदाबाई महिनाभर आलीच नाही. बरी झाली वाटतं, असं म्हणून सगळे तिला विसरले.

एका दुपारी मला कपाटात तिच्या छातीची शिट्टी ऐकू आली.

"काय होतंय?" डॉक्टरांनी लांबूनच विचारलं.

"पोट दुखून राह्यलं, साहेब. दम... बिलकुल न्हाई लागत मला."

खोटं होतं ते, मित्रांनो! पण मास्कमागचे ओठ डॉक्टरांना दिसले नाहीत, आणि मागे रांग मोठी होती. त्यांनी पित्ताची गोळी देऊन तिला वाटेला लावलं. मी तिच्यापासून चार हातांवर होतो. कपाट उघडा, असं ओरडावंसं वाटत होतं, पण वीज लागल्याशिवाय मला कुठला आवाज?

तीन दिवसांनी भुजंग एकटाच दाखल्यासाठी आला. वॉर्डातून बाहेर आलेल्या शालू सिस्टरने विचारलं, "मावशी बरी हाय ना?"

"गेली. तिकडं नेतील म्हणून भेली व्हती. तुम्ही दिसल्या असत्या तर खरं बोलली असती, सिस्टर."

सिस्टर तिथेच फरशीवर बसली.

आता मी पुन्हा टेबलावर आहे, पण कामात जीव रमत नाही. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण दवाखान्यात सारखं सारखं येणारं माणूस एकदम यायचं थांबलं, तर ते बरं झालं असं समजू नका. त्याच्या घरी जा. नंदाबाईकडे कुणीच गेलं नाही.