पावाचा खिसा

माझ्या सुनेला स्वच्छतेचा आजार आहे. सकाळी उठली की आधी पोरीच्या उशीचा अभ्रा झाडणार, त्यातून तिने लपवलेले पावाचे वाळके तुकडे पडले की कपाळाला हात लावणार आणि मला ऐकू जाईल अशा बेताने ओरडणार, "पुन्हा मुंग्या!" जशा काही मुंग्या मीच पाळल्यात.

पोरगी पावणेपाच वर्षांची. तीन महिन्यांपूर्वी मुलाने आणि सुनेने तिला अनाथ मुलांच्या संस्थेतून दत्तक म्हणून घरी आणली. एवढीशी, घट्ट मिटलेली, म्हणून मी तिला गुंडी म्हणते. आली तेव्हा अंगातला फ्रॉक काखेत रुतत होता. उसवून सैल करावा म्हटलं, तर शिवणीच्या आत बोटभरही जादा कापडाची माया सोडलेली नाही. शिवणाऱ्याला चार शिव्या हासडल्या आणि नवा शिवला.

खाली आमचं शिवणाचं दुकान, वर घर. दुकानात खाणं आणायचं नाही, तेलाचा एक डाग पडला की गिऱ्हाइकाचं कापड वाया, हा नियम माझा. चाळीस वर्षांचा. सुनेने तो वरही नेला आणि पावाच्या कपाटाला कुलूप घातलं. त्या दिवसापासून गुंडी आधी बोलायची तेवढंही बोलेना.

बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "रंग ओळखत नाही. लक्षच नसतं तिचं."

मी चौथी नापास, पण डोळे शाबूत आहेत. लक्ष नसतं म्हणे! मशीन थांबलं की हिची मान वर. दार वाजलं की ही टेबलाखाली. कुणी नुसता पंखा लावायला हात उचलला तरी डोळे त्या हाताला चिकटलेले. दिवसभर असा पहारा देणाऱ्या पोरीने लाल-पिवळं शिकायचं कधी?

सोमवारी तिच्या बोटात सुई गेली. रडली नाही. मूठ फ्रॉकमागे लपवली आणि चोरी पकडली गेल्यासारखी बघत राहिली.

संध्याकाळी सून म्हणाली, "आई, मला नाही जमणार. लागलं तरी ती माझ्याकडे येत नाही. मी नकोच आहे तिला. शनिवारी संस्थेच्या बाई येतायत, सांगते त्यांना, परत न्या म्हणून."

"परत? आल्टरेशनला आलेली पँट आहे का ती?"

"तुम्हाला बोलायला काय जातंय! नियम तुमचा, कुलूप माझं, आणि वाईट मी एकटी."

खरं होतं. मला खरं ऐकून घ्यायची सवय नाही.

मंगळवारी दुकान उघडल्या उघडल्या मी गुंडीच्या फ्रॉकला खिसा लावला. चांगला मोठा, आतून प्लास्टिकचं अस्तर. गिऱ्हाइकांच्या देखत त्यात पाव घातला. "हा तुझा. संपला की माग. नाही दिला तर माझे कान धर."

सुनेने शिवता शिवता मशीन थांबवलं. वर गेली, कपाटाची किल्ली आणली आणि माझ्या सुयांच्या डबीत टाकली.

पहिल्या दिवशी गुंडी घडीघडी खिसा चाचपायची. मग जरा कमी. शुक्रवारी तर विसरलीच, आणि रिळांच्या खोक्यापाशी जाऊन बसली. बराच वेळ मान वर नाही. मग एक रीळ सुनेच्या नाकासमोर धरून म्हणाली, "लाल."

"हो गं," सून म्हणाली, आणि कापड शोधायच्या निमित्ताने पाठमोरी झाली.

शनिवारी संस्थेच्या बाई दारात आल्या आणि नेमका तेव्हाच गुंडीचा पाय पायरीवरून सटकला. गुडघा जरासा खरचटला. पण काय तो भोंगा! गल्लीतली माणसं थांबून बघायला लागली.

सून पांढरीफटक. "आई, हे आता काय नवीन! सुई घुसली तरी गप्प राहणारी पोर, आणि एवढ्याशा ओरखड्याला? माझ्याच हातून बिघडली ही."

गुंडी माझ्याकडे बघतही नव्हती. दोन्ही हात वर, सुनेच्या दिशेने.

मी कात्री खाली ठेवली.

"बिघडलीय म्हणे! अगं शहाणे, आजवर ती रडली तरी कुणी आलंच नाही, मग रडायची कुणासाठी? आता तुला बोलावतेय ती. बाईंना खुर्ची मी देते. तू आधी लेकीला उचल."