अर्ध्या प्रार्थनेतलं आमेन

चर्चमध्ये पाळकसाहेबांची प्रार्थना अजून अर्ध्या वाटेवर असायची, तोच पुढच्या बाकावरून खणखणीत आवाज यायचा, "आमेन!" म्हणून बाईचं नावच पडलं आमेनकाकू. पाळकसाहेब एकदा म्हणालेही, "काकू, मला शेवटापर्यंत पोचू तरी द्या!" काकू म्हणाली, "देवाला कळलं की साहेब, मग उगाच कशाला ताणायचं?"

काकूचा धंदा शिवणकामाचा आणि हौस दुसऱ्याला धीर द्यायची. कोणी आजारी पडो, कोणाची नोकरी जावो, मशीनवरून न उठता ती सांगायची, "भीती वाटते ना? म्हणजे विश्वास कमी पडतोय." सगळ्या दुखण्यांवर हे एकच औषध.

आणि आता तीच काकू उद्याच्या ऑपरेशनच्या विचारानं पार गळून गेली होती. मोतीबिंदूचं काय एवढं, घरोघरी होतो. पण काकूचा डावा डोळा लहानपणीच गेलेला. जे काही जग दिसायचं ते उजव्या डोळ्यानं, आणि डॉक्टर हात लावणार होती तोही त्यालाच. काही चुकलं तर सुई, दोरा, सुनेचा चेहरा, सगळं कायमचं बंद. प्रार्थनेला बसली तर तोंडातून शब्द फुटेना. वर कोणी ऐकतंय तरी का, असं मनात यायचं आणि ती स्वतःलाच घाबरायची. रविवारी तर तिनं आमेनसुद्धा म्हटलं नाही. पाळकसाहेबांना वाटलं, घसा बसला असेल.

सुनेच्या नजरेतून मात्र काही सुटत नाही. "आई, प्रार्थनेच्या साखळीला सांगा ना," ती म्हणाली.

ही साखळी फोनवरची. कोणावर संकट आलं की त्यानं काकूला कळवायचं, काकूनं पुढच्याला, त्यानं त्याच्या पुढच्याला, आणि प्रत्येकानं प्रार्थना करायची. शेवटच्यानं पुन्हा काकूला फोन करायचा, दोघांनी मिळून प्रार्थना करायची, की साखळी पूर्ण. नियम काकूनंच घालून दिलेला.

"मी? अगं, साखळीची मुख्य मी, आणि मीच घाबरले म्हणून सांगू? लोक दात काढतील!"

"मग नाव नका सांगू."

हे काकूला पटलं. तिनं पहिला फोन लावला. "एक बहीण आहे. उद्या तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. फार घाबरलीय बिचारी. देव ऐकतो की नाही, अशी शंका येतेय तिला. नाव मात्र विचारू नका." फोन ठेवला आणि किती दिवसांनी तिला चहा गोड लागला. पण साखळी फिरून आपल्याकडेच येते, हे बाई साफ विसरली.

संध्याकाळी फोन वाजला. साखळीचं शेवटचं टोक म्हणजे नुकताच चर्चमध्ये यायला लागलेला एक वेल्डर. अंगानं धिप्पाड, पण मोठ्यानं प्रार्थना करायची म्हटली की घाम फुटायचा. म्हणून तर त्याला शेवटी ठेवलेला. तिथं प्रार्थना काकू करायची, त्यानं नुसतं हं हं करायचं.

"काकू, फार वाईट बातमी आहे. एक बहीण आहे, तिचे दोन्ही डोळे गेलेत, कानानं ऐकू येत नाही, आणि वरून नवरा सोडून गेलाय."

"सोडून कशाला जाईल! वारलाय तो!" काकू ओरडली.

"ओळखता वाटतं तुम्ही तिला?"

"थोडीफार."

"मग करा प्रार्थना."

काकूनं डोळे मिटले, तोंड उघडलं. काही येईना. "आज तू कर, बाबा."

"मी? मला कुठे येते, काकू?"

"मलाही येत नाहीये रे," ती म्हणाली, आणि तिला रडूच कोसळलं.

वेल्डरनं खाकरून घसा साफ केला. "प्रभू, मी वेल्डर बोलतोय. म्हणजे, तुला माहीतच आहे. ही बहीण घाबरलीय. मी पण रोज घाबरतो. उंचावर काम असलं की पाय लटपटतात. तरी चढतो, कारण कमरेचा दोर खाली कोणीतरी धरलेला असतो. तो माणूस वरून दिसत नाही, पण दोराला ताण आहे हे कळतं. तसा हिचा दोर तू धर. तिची भीती नाही गेली तरी चालेल, फक्त तू—"

"आमेन!"

"अहो काकू, संपली नव्हती!"

"कळलं रे मला!" काकू डोळे पुसत हसायला लागली, तसा तोही हसत सुटला. हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "ती बहीण मीच बरं का."

"ते नवऱ्यावरूनच कळलं, काकू."

भीती गेली नव्हती. पण काकूला आता तिची लाज वाटेना, आणि त्या रात्री तिला शांत झोप लागली.

सकाळी डॉक्टरनं विचारलं, "भीती वाटतेय का?"

"वाटतेय की! न वाटायला काय झालं?"

"बरं, मग सुरू करू या?"

"आमेन!"

"अहो, मी अजून काहीच केलं नाही."

"तुम्ही तुमचं करा हो, माझं झालं."

पट्टी निघाली तेव्हा समोर सून आणि वेल्डर जीव मुठीत धरून उभे होते. काकूनं डोळा किलकिला केला. आधी सुनेकडे बघितलं, खूप वेळ बघितलं. मग वेल्डरकडे वळली आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"हा खिसा कुठल्या आंधळ्यानं शिवलाय रे? पार तिरका!"

वेल्डरनं सुनेकडे बघितलं. सुनेनं जमिनीकडे बघितलं.

"तुम्हीच, काकू. गेल्या महिन्यात."

काकू हसली, हसता हसता रडली, आणि म्हणाली, "काढून दे तो शर्ट, नीट करते. आणि प्रार्थना कर. आज शेवटपर्यंत ऐकते, शब्द देते."

वेल्डरनं डोळे मिटले. "प्रभू, तुझे आभार," एवढंच तो म्हणाला असेल नसेल, तोच काकूचं आमेन अख्ख्या वॉर्डात घुमलं.