फुलीची बाजू

“बाबा, हा गोल कोणी काढला?”

पंधरा दिवसांनी घरी परतलेला मुलगा बूटही न काढता कपाटासमोर उकिडवा बसला होता. थर्मोकोलच्या पेटीचं झाकण त्याच्या हातात होतं. आत ओलसर भुशाच्या डब्यात त्याच्या पाळीव पालीची सहा अंडी होती. त्यातल्या पुढच्या अंड्यावर पेन्सिलीने काढलेला एक थरथरता गोल होता.

“मीच की,” म्हातारा खुशीत म्हणाला. “एका बाजूला तुझी फुली होती, म्हणून दुसऱ्या बाजूला मी गोल काढला. गोंधळ नको. सकाळी फुली वर, दुपारी गोल, रात्री पुन्हा फुली, दुसऱ्या दिवशी उलट. एक पाळी चुकवली नाही. विचार हिला.”

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

म्हाताऱ्याची सगळी हयात कोंबड्यांच्या हॅचरीत गेली होती. तिथे अंडी फिरवली नाहीत तर पिल्लू टरफलाला चिकटून मरतं आणि फिरवणाऱ्याची नोकरी जाते. अंड्यावर खूण दिसली की ते फिरवायचं, हे त्याच्या हाडीमांसी खिळलं होतं. पालीच्या अंड्याचं नेमकं उलटं. ते घातलं तसंच ठेवावं लागतं, उलटं केलं की आतला जीव गुदमरतो. फुली त्यासाठीच असते, वरची बाजू वरच राहावी म्हणून. मुलाने हे त्याला सांगितलं नव्हतं. मुलगा त्याला फारसं काही सांगतच नसे. ऑफिसच्या ट्रेनिंगला पंधरा दिवस जाताना एवढंच म्हणाला होता, “पेटीतल्या तापमानाचा काटा बघत जा. तेवढं जमेल ना?”

जमेल ना! म्हाताऱ्याला आभाळ ठेंगणं झालं होतं. त्याला वृद्धाश्रमात ठेवायचं बोलणं चाललेलं त्याने पलीकडच्या खोलीतून ऐकलं होतं. आपला या घरात काही उपयोग आहे हे दाखवायची एवढी एकच संधी होती, आणि त्याने ती दोन्ही हातांनी धरली. काटा तर बघितलाच, वर अंडीही फिरवली. सांगितल्यापेक्षा जास्त काम केलं की मालक खूश होतो, हा त्याचा जन्माचा समज.

ज्या मादीची ही अंडी, ती महिन्यापूर्वी मेली होती. पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली ती पाल मुलाने लग्नाच्या आधीपासून पाळली होती. हातावर बसून अळ्या खायची. सून तिला सवत म्हणायची, आणि ते पूर्ण गमतीने म्हणायची असंही नाही. त्या पालीचं म्हणून आता एवढंच उरलं होतं.

“पालीची अंडी फिरवत नाहीत,” मुलगा म्हणाला. आवाज अगदी शांत होता. “मारलीत तुम्ही.”

“अरे, पण अंडं ते अंडंच ना? मला वाटलं, तू खूण केलीयस म्हणजे...” म्हातारा पुढे वाकला. “ते कोपऱ्यातलं मात्र...”

“एक शब्द नको.”

मुलाने इथे थांबायला हवं होतं. त्याने दार आपटलं असतं, दोन दिवस अबोला धरला असता, तर कोणी त्याला नावं ठेवली नसती. पण त्याचं एवढ्यावर भागणार नव्हतं. लहानपणी म्हातारा त्याला हॅचरीत नेऊन कामगारांसमोर उभा करायचा आणि म्हणायचा, “हे आमचं पोकळ अंडं.” सगळे खो-खो हसायचे. ते हसणं मुलाने इतकी वर्षं जपून ठेवलं होतं.

त्याने डबा जेवणाच्या टेबलावर आणला. एक खुर्ची ओढली.

“बसा.”

“अहो, निदान खाली पेपर तरी घाला,” सून म्हणाली.

त्याने पेपर घातला. मग नखं कापायची छोटी कात्री घेतली आणि पहिलं अंडं कापलं. टरफल कातड्यासारखं मऊ होतं, आतून पिवळं पाणी आणि घाण वास आला. पाण्यात एक काळपट गोळा होता.

“बघा. मान फिरवू नका. ही तुमची सकाळची पाळी.” त्याने दुसरं कापलं. “ही दुपारची.”

म्हातारा बघत राहिला. नाकातून पाणी येत होतं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. तिसरं झालं, चौथं झालं, पाचवं झालं. सुनेने खिडकी उघडली.

मुलाने कोपऱ्यातलं अंडं उचललं. त्याच्यासोबत भुशाचा एक चिकटलेला गोळाही वर आला.

“ते नको रे,” म्हातारा अर्धवट उठला. “ते खाली चिकटलेलं, फाटेल म्हणून मी त्याला...”

“गप्प बसा म्हटलं ना!”

कात्री चालली.

पेपरवर जे पडलं ते हललं. बोटाच्या पेराएवढं, गुलाबी, डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. चार पाय हवेत काहीतरी शोधत होते. शेजारी टरफल पडलं होतं आणि त्यावर फक्त फुली होती. गोल नव्हताच. एवढं एकच अंडं म्हाताऱ्याने फिरवलं नव्हतं.

मुलाने कात्री खाली ठेवली.

“परत... परत नाही ना घालता येत?”

“नाही.”

“जगेल?”

“नाही रे.”

पिल्लाने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. सून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मुलगा खुर्चीला धरून होता.

“बाबा, काहीतरी करा ना,” तो म्हणाला.

हॅचरीत असली अर्धी राहिलेली पिल्लंही म्हाताऱ्याकडेच यायची. त्याने ते डाव्या तळहातावर घेतलं, वर अंगठा ठेवला आणि एकदाच दाबला.

“दुखलं असेल त्याला?” मुलाने विचारलं.

“लगेच केलं की नाही दुखत,” म्हातारा म्हणाला.

मुलगा पेपर गोळा करू लागला. म्हातारा उठून बेसिनकडे वळला तशी सून म्हणाली, “बाबा, इथे नका हं हात धुऊ. बाहेरच्या नळावर जा.”

म्हाताऱ्याने मुलाकडे बघितलं. मुलगा पेपराच्या घड्या घालत होता.

मेलेल्या पिल्लावर मूठ मिटून, ती अंगापासून लांब धरून म्हातारा दारापाशी गेला. कडीला हात लागू नये म्हणून त्याने ती कोपराने सरकवायला घेतली. पहिल्यांदा ती सरकली नाही. कोणी उठलं नाही. त्याने कोपर पुन्हा लावलं.