आवाजापुढची खूण

विहीणबाई दारात दिसल्या तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. लेकीची सासू सकाळी दहाला, एकटी, पाठीवर पिशवी अडकवून येते, तेव्हा ती चहाला आलेली नसते.

"काय व्याहीबुवा, कुठंय पेशंट?"

पेशंट म्हणजे आमचा अकरा वर्षांचा कॉम्प्युटर. त्याची जुनी सिस्टीम कंपनीने वाऱ्यावर सोडली होती आणि विहीणबाई त्यावर लिनक्स ही फुकटातली सिस्टीम बसवून देणार होत्या. जन्मभर टेलिफोनच्या ऑफिसात तारा जोडलेली बाई. निवृत्त झाली तरी हात शिवशिवतात. पण त्यांना बोलावलं होतं माझ्या बायकोने, तेही मला न विचारता. हेच मला खटकत होतं.

बायकोची दृष्टी गेल्याला पाच वर्षं झाली. त्याआधी ती छापखान्यात प्रुफं तपासायची. दृष्टी गेल्यापासून तिचे मेल मी वाचून दाखवतो. सगळे दाखवतो. एक सोडून.

तो आला आठ महिन्यांपूर्वी. एका ध्वनिपुस्तकांच्या ग्रंथालयाला रेकॉर्डिंग ऐकून चुका काढणारं माणूस हवं होतं, आणि कुणीतरी हिचं नाव सुचवलं होतं. रोज दोन बस बदलून जायचं. एकटीने. तिला वाचून न दाखवताच मी तिच्या नावाने नकार कळवून मोकळा झालो. दुसऱ्याच दिवशी लेक फोनवर आईला सांगताना ऐकलं, की कॉम्प्युटर हल्ली मेल वाचूनही दाखवतो. त्या दुपारी मी स्पीकरची वायर काढली आणि हिला सांगितलं, मशीनचा आवाज गेला.

म्हणजे आज हे खोकं बोललं, की मी मेलो. लिनक्सचं आणि त्याचं अजिबात जमू नये, एवढीच माझी इच्छा होती.

"एकदम बसवायचं नाही," विहीणबाईंनी पेनड्राइव्ह काढला. "आधी यावरूनच चालवून बघायचं, काय चालतं नि काय नाही. आतल्या कशाला हात लागत नाही. सोयरीक करण्याआधी चौकशी करतात ना, तसं. तुम्ही नाही का आमच्या पोराच्या ऑफिसात तीन फोन केलेत?"

"दोन," मी म्हणालो.

बायको हसली. मला त्या हसण्याचाही संशय आला.

विहीणबाईंनी कागदावर यादी केली. मेमरी, पडदा, वाय-फाय, आवाज, प्रिंटर. मेमरी चार जीबी निघाली. "पुरे," म्हणून त्यांनी बरोबरची खूण केली. पडदाही ठीक. वाय-फायपाशी मात्र त्या थांबल्या. "ही चिप जुनी आहे. हिला चालवणारा ड्रायव्हर यात नाही." फुली पडली आणि माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"नाही जमत तर राहू द्या. उगाच तुमचा वेळ."

"एवढ्यावरून कुणी सोयरीक मोडतं का?" पिशवीतून बोटाएवढी वस्तू निघाली, मागे खोचली गेली आणि वाय-फाय सुरू झालं. त्या पिशवीत आणखी काय काय होतं देव जाणे. "आता आवाज."

"तो नाही," मी जरा घाईनेच म्हणालो. "साउंड कार्ड जळलंय."

"लिनक्सला तर दिसतंय कार्ड."

"दिसत असेल. दिसणं वेगळं, बोलणं वेगळं."

विहीणबाई टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरल्या. "अहो, धूळ आहे तिथे," मी ओरडलो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! मग खट् झालं, स्पीकर खरखरले. त्या बाहेर आल्या, गुडघे झटकले आणि माझ्याकडे पाहिलं. ही बाई एरवी टोमण्याची संधी सोडत नाही. ती गप्प राहिली, म्हणून मी जास्तच घाबरलो.

"वायर निसटली होती," त्यांनी बायकोला सांगितलं आणि आवाजापुढे बरोबरची खूण केली. दोन कळा दाबल्या. यंत्र नाकातल्या आवाजात पडद्यावरचं मराठी वाचू लागलं.

"सरका," बायको मला म्हणाली. खुर्चीवर बसून तिने कीबोर्ड चाचपला. बोटं काही विसरली नव्हती. पासवर्ड टाकून तिने मेल उघडला. "विहीणबाई, यात 'ग्रंथालय' शोधायचं कसं?"

माझा हात स्पीकरच्या वायरकडे गेला.

"परवा तुम्ही भाजीला गेला होतात ना," ती माझ्याकडे तोंड न वळवता म्हणाली, "तेव्हा त्यांचा फोन आला होता. माझी तब्येत आता कशी आहे, विचारत होते."

म्हणजे चौकशी लिनक्सची नव्हतीच. घरात संशयी मी एकटा, असा माझा आजवर समज होता.

विहीणबाईंनी सांगितलेल्या कळा तिने दाबल्या आणि यंत्र माझा नकार वाचू लागलं. "माझ्या प्रकृतीच्या कारणामुळे मला हे काम स्वीकारणे शक्य होणार नाही."

"'कारणामुळे'," ती हळू म्हणाली. "'कारण' आणि वर 'मुळे'. एवढी चूक, माझ्या नावाने."

विहीणबाई यादी तिथेच ठेवून गॅलरीत गेल्या.

"मला भीती वाटली गं," मी म्हणालो. "दोन बस. रस्ता. पडलीबिडली असतीस तर? आणि तू गेल्यावर दिवसभर मी इथे..." मला लाज वाटत होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्यासमोर लपायला जागा नव्हती.

"आणखी किती?"

"काय?"

"मला न वाचलेले. किती?"

"एकच. हा एकच."

अगदी खरं होतं ते. तिने 'ग्रंथालय' पुसलं, खालचा बाण दाबला, आणि यंत्र त्याच्या आदल्या दिवशीचा, मी तेव्हाच वाचून दाखवलेला मेल पुन्हा वाचू लागलं.