गूळ-दाण्यांचा समेट

सक्करदऱ्याच्या त्या शाळेत भांडण मिटवण्याची एक ठरलेली रीत होती. शनिवारी प्रार्थनेनंतर दोन्ही पक्षांना ओट्यावर उभे करायचे. दोघांनी एकमेकांना "चुकलं" म्हणायचे, एकमेकांच्या हातावर गूळ-दाणे ठेवायचे आणि गळाभेट घ्यायची. मुख्याध्यापक बाबाराव ही रीत पाहुण्यांना अभिमानाने सांगत. एक मारणारा आणि दुसरा नुसता मार खाणारा असेल, तर त्याला भांडण म्हणता येते का, हे कोणी विचारले नव्हते.

ते १९७८ साली उत्तरा देशकर यांनी विचारले. त्या वरच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवत. आठवीतला लहानू खेड्यातून येऊन आत्याकडे, यमुताईंकडे, राहत होता. दहावीची तीन मुले त्याला मधल्या सुट्टीत सायकलींच्या छपरामागे गाठत, डब्यात माती घालत आणि बैलासारखे हंबरायला लावत. दिवाळीपर्यंत त्याचे दोन समेट झाले होते. दोन्ही वेळा त्यानेही "चुकलं" म्हटले होते आणि दोन्ही वेळा पुढचा आठवडा आधीपेक्षा वाईट गेला होता. दोन निरीक्षणांवरून सिद्धांत मांडू नये, हे उत्तराबाईंना ठाऊक होते. पण तिसऱ्याची वाट पाहणे म्हणजे मुलावर प्रयोग करणे होते.

शाळांतल्या अशा छळाविरुद्ध शासनाचा कायदा असायला हवा, असे त्यांचे स्पष्ट मत होते. तो नव्हता; म्हणून त्यांनी शाळेपुरता नियम लिहिला. कारवाई त्रास देणाऱ्यावरच व्हावी, त्याच्या पालकांना बोलावले जावे, आणि तक्रार करणाऱ्या मुलाला कधीही ओट्यावर उभे करू नये.

शाळा समितीचे अध्यक्ष चंद्रभानजी यांचे सीताबर्डीत कापडाचे दुकान होते. मसुदा ऐकून ते हसले.

"आमी का कमी मार खाल्ला शाळेत, बाई? मेलो का आमी?"

"तुम्ही मेला नाहीत, हे दिसतंच आहे. पण जे शाळा सोडून गेले, ते या बैठकीला येत नाहीत. त्यांचं तुम्हाला कसं कळणार?"

चंद्रभानजींनी बाबारावांकडे पाहिले. "लई चिकट हायेत गा सर, तुमच्या बाई. ठीक आहे, करू नियम. आमदारसाहेब हिवाळी अधिवेशनासाठी आलेच आहेत, गॅदरिंगले येऊन राहिले. त्याईच्याच हातानं जाहीर करू. अन् त्याच मंचावर या पोरायचा शेवटचा समेट. साहेबाले पटलं तर असेंबलीतबी मांडतीन."

"पण नियमात हेच करू नये असं आहे."

"नियम समेटानंतर लागू होईल," बाबाराव शांतपणे म्हणाले. "आधी नाही."

तर्कात खोट नव्हती. समेट नसेल तर नियमाचे पुढच्या साली पाहू, असेही ठरले.

उत्तराबाई यमुताईंच्या घरी गेल्या. लहानू परक्या घरी जेवायला बसावे तसा अवघडून पलंगाच्या कडेला बसला होता.

"तुला नको असेल तर नाही म्हण."

"मी नाही म्हटलं तर नियम होईन का, बाई?"

"या वर्षी नाही होणार."

"मंग करतो."

निरोप द्यायला यमुताई दारापर्यंत आल्या. "बाई, त्यानं हो म्हटलं म्हणून तुमी हो समजू नका जी. हा पोरगा मारणाऱ्यालेबी होच म्हणते."

"नियम झाला की पुन्हा कोणाला उभं राहावं लागणार नाही, यमुताई."

"कोणाले नाही लागणार. याले तर लागून राहिलं ना?"

गॅदरिंगला मांडव भरला होता. लहानूने तिघांच्या हातावर गूळ-दाणे ठेवले आणि तीनदा, स्पष्ट उच्चारात, "चुकलं" म्हटले. सर्वांत थोराड मुलाने गळाभेट घेताना त्याच्या कानाशी हळूच हंबरून दाखवले. पडद्याआड उभ्या असलेल्या उत्तराबाईंना ते ऐकू आले. पुढच्या रांगेतल्या आमदारांना नाही. ते टाळ्या वाजवत होते. नियम जाहीर झाला. असेंबलीत काही मांडले गेल्याचे मात्र कोणाच्या कानावर आले नाही.

नियम मागचे उकरून काढत नव्हता, त्यामुळे तिघांना काही झाले नाही. संक्रांतीनंतर यमुताईंनी लहानूचा दाखला काढून त्याला गावी पाठवले.

पुढच्या पावसाळ्यात सहावीतल्या सत्यवतीने तक्रार केली. बाबारावांचा हात सवयीने गुळाच्या डब्याकडे गेला. उत्तराबाईंनी भिंतीवरच्या नियमाकडे बोट दाखवले. हात मागे आला. त्रास देणाऱ्या मुलींच्या पालकांना निरोप गेला आणि सत्यवती ओट्यावर न चढता वर्गात जाऊन बसली. पुढेही तिला कोणी छळले नाही.

त्या संध्याकाळी उत्तराबाई यमुताईंकडे गेल्या. "लहानूला कळवा. नियम चालला म्हणावं."

यमुताईंनी पाण्याचा गडवा पुढे ठेवला. "कळवीन जी. पण त्यानं इचारलं, मंग मले काहून उभं केलं, तर काय सांगू?"

सांगण्यासारखे एकच होते. नियम समेटानंतर लागू झाला होता, आधी नाही. तर्कात अजूनही खोट नव्हती.

उत्तराबाईंनी ते सांगितले नाही. त्या पाणी प्यायल्या आणि उठल्या.